पाणी दिलं, पण विचारलं नाही

आमच्याकडे पाहुणा आला की मी आधी पाणी देते आणि तो दोन घोट प्यायला की सरळ विचारते, "काय खबर? कशासाठी आलात?" अ‍ॅशबर्न या अमेरिकेतल्या गावातल्या आमच्या मराठी बायकांना आता याची सवय झाली आहे, पूर्वी त्या एकमेकींकडे बघायच्या. माझी मुलगी मात्र अजून ओरडते, "आई, यू कान्ट आस्क पीपल दॅट." तिचं म्हणणं असं, की त्यामुळे माणसाला वाटतं आपण नको असताना आलो. तिचं बरोबर आहे. माझ्या आईचंही हेच मत होतं. पण साठी ओलांडलेल्या बाईच्या खोडी सुटत नसतात आणि ही खोड तर मला सोडायचीच नाही. ती मला कुणी लावली आणि एकदाच, अगदी नेमक्या दिवशी, मी ती कशी विसरले, हे मी आजवर कुणालाही पूर्ण सांगितलेलं नाही. विसरले हा शब्दही खोटाच. नवऱ्याला अर्धं माहीत आहे, तेही मला बरं दिसेल तेवढंच.

मी लहान असताना आम्ही जर्सी सिटीत राहायचो. आता तिथे काचेचे टॉवर उभे आहेत आणि पुण्या-नागपूरची पोरं सकाळी कानात काहीतरी खुपसून मॅनहॅटनच्या गाडीकडे पळतात. आमची बिल्डिंग विटांची होती, चार मजल्यांची, लिफ्ट नसलेली. थंडीत घर गरम करणारा रेडिएटर आतून कुणीतरी हातोडी मारावी तसा ठोके द्यायचा आणि त्या ठोक्यांवर आई भाकऱ्या थापायची. आम्ही दुसऱ्या मजल्यावर आणि बरोबर आमच्या डोक्यावर मेन्साकाका. उंच, सडपातळ, केस पांढरे व्हायला लागलेले, कायम इस्त्रीचा शर्ट. ते पश्चिम आफ्रिकेतल्या घाना देशाचे राजदूत होते, असं बाबांनी सांगितलं तेव्हा आईने विचारलं, "मग ते आपल्या बिल्डिंगमध्ये काय करतायत?"  पुढे कळलं की त्यांच्या देशात सरकार उलथलं, नोकरी गेली, परत जाण्यात धोका होता म्हणून ते इकडे आले. मॅनहॅटनमध्ये एका पार्किंग गॅरेजच्या काचेच्या खोक्यात बसून ते गाड्यांच्या चिठ्ठ्या फाडायचे. तिथेही टाय लावून जायचे.

ते पहिल्यांदा आमच्याकडे आले ते चुकून त्यांच्या पेटीत पडलेलं आमचं पत्र द्यायला. बाबांनी बसवलं, मी पाणी आणून दिलं. ते थोडं पाणी प्यायले, ग्लास खाली ठेवला, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले आणि गप्प बसले. बाबाही गप्प. आई स्वयंपाकघरातून डोकावून गेली. चांगली दोन मिनिटं अशी गेल्यावर काका हसायला लागले आणि त्यांनी समजावून सांगितलं. त्यांच्याकडे पाहुण्याला आधी बसवतात, पाणी देतात आणि मग घरचं माणूस म्हणतं, इथे सगळं शांत आहे, तुम्ही वाटेवरून आलात, तुमची खबर सांगा. मग पाहुणा म्हणतो, वाईट काही आणलेलं नाही, आणि त्यानंतर आपलं काम सांगतो. पाणी देण्याआधी विचारायचं नाही आणि विचारल्याशिवाय सांगायचं नाही. मी दहा वर्षांची होते, लुडबुडी होते. न विचारता सांगितलं तर काय होतं, असं मी विचारलं. काका म्हणाले, "विचारल्यावर सांगितला तर तो निरोप. न विचारता सांगितला तर ती भीक."

आईला हे मुळीच पटलं नाही. "काय काम काढलंत, हे परक्याला विचारतात," ती म्हणाली, "घरच्या माणसाला विचारणं म्हणजे त्याला उंबऱ्याबाहेर उभं करणं." बाबांनी याचं इंग्रजी केलं. काकांनी मान डोलावली, हेही बरोबर आहे म्हणाले. दोन्ही बाजूंचं बरोबर असलं की आपल्याकडे भांडण होतं. काका राजदूत असल्यामुळे तह झाला. विचारायचं, पण ते मी विचारायचं. लहान मुलीने विचारलं तर आईच्या मते ते वाईट दिसत नव्हतं. त्या दिवसापासून हे खातं माझ्याकडे आलं आणि मी ते सहा वर्षं सांभाळलं. काका आले की मी पाणी द्यायची, समोर ताठ उभी राहायची आणि म्हणायची, "इथे सगळं शांत आहे, काका. तुमची खबर सांगा." मग ते गंभीर चेहऱ्याने सांगायचे की ते तिसऱ्या मजल्यावरून आले आहेत, वाईट काही आणलेलं नाही, परंतु तिथली साखर संपली आहे. मला ते 'मॅडम सेक्रेटरी' म्हणायचे.

एका एकादशीला आईने त्यांना जेवायला थांबवलं. भगर आणि दाण्याची आमटी. पहिला घास घेऊन काका थांबले, दुसरा घेतला आणि म्हणाले, हे तर माझ्या आईचं सूप, यातली कोंबडी कुठे गेली? बाबांनी भाषांतर करताच आई "शिव शिव" म्हणाली आणि तिने त्यांना आणखी दोन डाव आमटी वाढली. त्यानंतर आमच्या घरी एकादशीला एक ताट जास्तीचं लागायचं. आई त्यांना 'भाऊजी' म्हणायची आणि तिच्या मोडक्या इंग्रजीत त्यांच्याशी तासन् तास बोलायची; त्यांच्या खोलीतून सुक्या माशाचा वास आला की निमूटपणे खिडकी उघडायची. परत जाताना दाण्याच्या चटणीची बरणी त्यांच्या हातात असायचीच. तेवढी एकच फी ते घ्यायचे. कारण रविवारी सकाळी आमच्या जेवणाच्या टेबलावर बसून ते अख्ख्या बिल्डिंगचे फॉर्म भरून द्यायचे. व्हिसाचे, शाळेचे, हॉस्पिटलचे. आमच्या ग्रीन कार्डाचे सगळे कागद त्यांनीच भरले. माणूस कितीही घाबरलेला असो, ते त्याला आधी म्हणायचे, पहिल्या ओळीत काय हवं ते लिहा, रडगाणं नंतर. त्यांचं स्वतःचं राहण्याच्या परवानगीचं प्रकरण कितीतरी वर्षं लोंबकळत होतं, पण त्याबद्दल विचारलं तर एवढंच म्हणायचे, "माझी फाईल प्रवासात आहे."

मी सोळा वर्षांची झाले त्या उन्हाळ्यात काकांनी आपलं आयुष्य लिहून काढायचं ठरवलं. लिहायला वेळ नव्हता म्हणून ते गॅरेजच्या खोक्यात बसून कॅसेटवर बोलायचे आणि मी बाबांच्या ऑफिसने टाकून दिलेल्या इलेक्ट्रिक टाइपरायटरवर ते उतरवायची. त्यांच्या आवाजामागे हॉर्न वाजायचे, मध्येच ते कुणाला तरी "ट्वेंटी मिनिट्स, सर" म्हणायचे आणि पुन्हा आपल्या गावात जायचे. कोकोच्या बियांची पोती तोलणारा बाप, मिशनची शाळा, मग जिल्ह्याच्या कचेरीत कारकुनी. पहिलं काम मिळालं विहिरींची यादी तपासायचं. रजिस्टरमधल्या तीन विहिरी जमिनीवर कुठेच नव्हत्या. त्यांनी तसं लिहून दिलं आणि महिन्याभरात त्यांची बदली झाली. नव्या ठिकाणी गेल्यावर त्यांनी पुन्हा विहिरीच मोजायला घेतल्या. देश स्वतंत्र झाल्यावर शिकलेली माणसं हवी होती म्हणून ते परराष्ट्र खात्यात गेले, न्यूयॉर्कला आले, आणि इथे त्यांना समजलं की मुत्सद्दीपणा म्हणजे बहुतेक वेळ खुर्चीवर न झोपता बसून राहणं. पुढे युरोपातल्या एका थंड, लहानशा देशात राजदूत झाले. बायको तिथेच वारली, मुलगी लंडनला शिकायला गेली. अकरा कॅसेटी इथपर्यंत आल्या. मी अकरा प्रकरणं टाइप केली, आणि खरं सांगते, मला त्या कामाचा अभिमान होता.

बारावी कॅसेट देताना काका जिन्यावर थांबले. म्हणाले, यात माझ्या नोकरीचा शेवटचा दिवस आहे. हे पुन्हा मला सांगता येणार नाही, एकदाच जमलं. मी ती टेबलावर ठेवली. दोन दिवसांनी, शनिवारी, रेडिओवर त्या आठवड्याची गाजलेली गाणी लागणार होती. माझी कॅसेट भरली होती, हाताला लागली ती मी रेकॉर्डरमध्ये सरकवली आणि बटण दाबलं, एक बाजू भरल्यावर न बघताच ती उलटली. संध्याकाळी ऐकायला बसले तेव्हा लेबलवर काकांचं सुंदर, तिरकं अक्षर दिसलं.  कॅसेट उलटसुलट करून बघितली. दोन्ही बाजूंना गाणीच. फक्त दुसऱ्या बाजूच्या अगदी शेवटी, गाणं मध्येच तुटल्यावर, त्यांचा आवाज होता: "चहाचे चमचे, तेवीस. मोजून दिले. सही घेतली." एवढंच. मला तेव्हा त्याचा अर्थही लागला नाही. आता कळतं. शेवटच्या दिवशी त्यांनी अख्खी वकिलात मोजून कुणाच्या तरी ताब्यात दिली असणार.

सांगायचं ठरवलं होतं. उद्या सांगू म्हणता म्हणता पंधरा दिवस गेले. काकांची पावलं जिन्यावर वाजली की मी आतल्या खोलीत जायची. आई म्हणायची, हिला वयात आल्यापासून माणसं नकोशी झालीत.

मग तो शनिवार आला. टेक्सासमधल्या अर्विंगहून मामा-मामी आणि त्यांची दोन मुलं आली होती. आईने पुरणपोळ्यांचा घाट घातला होता, घरभर तुपाचा आणि वेलदोड्याचा वास, मुलं सोफ्यावर उड्या मारत होती, बाबा मामांना नवा टीव्ही दाखवत होते. भर दुपारी बेल वाजली आणि दारात काका. करड्या रंगाचा सूट, टाय, टायला पिन. शनिवारी ते कधी टाय लावत नसत. हे माझ्या लक्षात आलं नाही असं म्हणायची सोय नाही, कारण आलं होतं. मुलांना हुसकून त्यांना बसायला जागा केली. मी पाणी आणलं. ते दोन घोट प्यायले, ग्लास ठेवला, हात गुडघ्यांवर ठेवले आणि माझ्याकडे बघितलं.

मला वाटलं, कॅसेट मागायला आलेत. सूट घालून, रीतसर, मामा-मामींच्या देखत. मी एक वाक्य म्हटलं की ते म्हणणार, वाईट काही आणलेलं नाही, बाराव्या प्रकरणाचं काय झालं? ते वाक्य मला झोपेतसुद्धा म्हणता आलं असतं. मी म्हटलं, "काका, पुरणपोळी खाणार?"

ते क्षणभर तसेच बघत राहिले. मग म्हणाले, "थँक यू, मॅडम सेक्रेटरी." आई ताट घेऊन आलीच. तिने तुपाची धार धरली, ते पुरे म्हणाले, तिने आणखी धरली. अर्धी तरी घ्याच भाऊजी, असं तीनदा झालं. मामांनी विचारलं की तुमच्याकडे पाऊस कसा असतो, त्यांनी त्याचं नीट उत्तर दिलं. ताट उचलल्यावर पुन्हा त्यांचे हात गुडघ्यांवर गेले. मी बाथरूममध्ये गेले, नळ सोडला आणि टबच्या कडेवर बसून राहिले. सहा वर्षांत आई किंवा बाबांनी त्यांना कधी विचारलं नव्हतं, ते काम माझं होतं. दार बंद झाल्याचा आवाज आल्यावर मी नळ बंद केला. बाहेर आले तेव्हा आई मामीला सांगत होती, "घरचाच माणूस आहे. बघ, एवढ्या गडबडीतही भेटून गेला."

बुधवारी बाबा ऑफिसातून आले ते बूट न काढता खुर्चीत बसले. जिन्यात काका रिकामी खोकी घेऊन वर जाताना भेटले होते. बाबांनी थट्टेत विचारलं, बिऱ्हाड हलवताय की काय, आणि ते म्हणाले, हो. सोमवारी त्यांच्या प्रकरणाची सुनावणी होती. त्यांना चांगलं ओळखणाऱ्या, इथे कायम राहायची परवानगी असलेल्या एखाद्या माणसाने स्वतः उभं राहून त्यांच्याबद्दल बोलायला हवं होतं. गॅरेजचा मॅनेजर येणार होता, त्याने शुक्रवारी अंग काढून घेतलं. सोमवारी न्यायाधीशांनी विचारलं, तुमच्याबरोबर कुणी आलं आहे का? काका म्हणाले, मी एकटा आलो आहे. त्यांना देश सोडायला दोन महिने मिळाले. बाबांनी त्यांना विचारलं होतं, अहो, आम्हाला सांगायचं नाही का? मी रजा काढून आलो असतो. त्यावर काका म्हणाले होते, "मी शनिवारी आलो होतो. घर कामात होतं."

हे सगळं सांगून झाल्यावर बाबांनी माझ्याकडे बघितलं. चिडून नाही, आठवून बघतो तसं. "तू विचारलं नव्हतंस का गं त्यांना?"

"विचारलं होतं," मी म्हटलं. "वाईट काही आणलेलं नाही म्हणाले. सहज आलो म्हणाले."

बाबांनी मान हलवली. "मानी माणूस," ते म्हणाले. आई डोळ्यांना पदर लावून म्हणाली, आपल्याला परकंच समजले ते. पुढची तीस वर्षं काकांचा विषय निघाला की आमच्या घरात हेच बोललं जायचं: माणूस सोन्यासारखा, पण अभिमान आडवा आला. आई तो समज घेऊन गेली, बाबाही. शेवटच्या आजारपणात बाबांनी एकदा विचारलं, "अँबॅसेडर असं का वागले असतील गं?" त्यांच्या उशाशी बसून मी त्यांचा हात चोळत होते आणि म्हटलं, "काय माहीत, बाबा." बाबा उभे राहिले असते तर निकाल फिरला असता का, हे मला कुणी सांगू शकत नाही. वकील असलेल्या एका भाच्याला मी कुणा तिऱ्हाइताची गोष्ट म्हणून विचारलं, तो म्हणाला, मे बी, मे बी नॉट. या उत्तराने कुणाचं बरं होत असेल तर होवो, माझं झालं नाही.

बाबांनी नंतर खूप धावपळ केली, पत्रं लिहिली, वकिलाकडे खेटे घातले. वेळ निघून गेली होती. काका लंडनला मुलीकडे गेले. निघायच्या दिवशी मी अकरा प्रकरणांची फाईल त्यांच्या हातात दिली. बारावं पोस्टाने पाठव, असं ते म्हणाले. मी हो म्हटलं. आईने चटणीच्या दोन बरण्या दिल्या. ते म्हणाले, इथे असाल तोवर टेबल रविवारी रिकामं ठेवू नका, कुणाला तरी फॉर्म भरता येत नसेल. आणि खरोखरच पुढे कितीतरी वर्षं बाबा रविवारी लोकांचे फॉर्म भरून देत असत.

त्यांना मी आणखी एकदाच भेटले. तिशीत होते, पुण्याला लग्नाला निघाले होते आणि लंडनला एक दिवस थांबायचं होतं. मी मुद्दाम वेळ काढला. कॅसेट पर्समध्ये ठेवली होती. विमानात अख्खं भाषण तयार केलं होतं, पहिल्या ओळीत काय हवं ते, रडगाणं नंतर. त्यांच्या मुलीने दार उघडलं. काका खिडकीशी बसले होते, फार वाळले होते, शर्टाला इस्त्री मात्र तशीच. मला बघून ते उठले, मुलीला थांबवलं आणि स्वतः आत जाऊन पाणी घेऊन आले. आणताना थोडं सतरंजीवर सांडलं. मी दोन घोट प्यायले. ते समोर बसले आणि अगदी हळू, पण पूर्ण म्हणाले, "इथे सगळं शांत आहे. तू वाटेवरून आलीस. तुझी खबर सांग, मॅडम सेक्रेटरी."

माझ्या तोंडून निघालं, "वाईट काही आणलेलं नाही, काका. सहज आले."

 ते हात गुडघ्यांवर ठेवून माझ्याकडे बघत राहिले. मी विचारलं नव्हतं तेव्हाही ते असेच बघत बसले होते. मला वाटतं, त्यांना माहीत होतं. नेमकं काय ते नसेल, पण काहीतरी आहे हे. त्यांनी मला भरपूर वेळ दिला. शेवटी म्हणाले, "मग पाणी तरी पी पुरतं." मी ग्लास रिकामा केला. मग आम्ही आईच्या आमटीबद्दल बोललो. पुढच्या हिवाळ्यात त्यांच्या मुलीचं पत्र आलं, काका गेले. पुस्तक छापलं गेलं नाही. शेवटचं प्रकरण नव्हतं.

कॅसेट अजून माझ्या कपाटात आहे. वाजवायला यंत्र नाही आणि वाजवायची गरजही नाही, तेवीस चमचे मला पाठ आहेत. आता ही सगळी खबर मी इथे लिहून टाकली. काका, या वेळी मला पाणी कुणी दिलेलं नाही आणि विचारलंही नाही. तुम्ही याला काय म्हणाल ते मला माहीत आहे. भीकच आहे ही. घ्या.